दुपारी दोनचा रिस्टार्ट

बंद पडलेला कॉम्प्युटर दुरुस्त करणं त्या मानानं सोपं. तो बंद असतो, बंदच राहतो, आणि दोष सापडेपर्यंत टेबलावर निमूट पडून असतो. जीव खातो तो वेगळाच. सकाळी तो झकास चालतो, दुपारी रिस्टार्ट मारत सुटतो आणि दुकानात आणला की दिवसभर एकही खोट दाखवत नाही.

वैरागसारख्या गावात या दुखण्याची झळ मालकापुरती राहत नाही. बार्शी-सोलापूर रस्त्यावरचं हे बाजारगाव. आजूबाजूच्या खेड्यांचे दाखले, सातबारे, शिष्यवृत्तीचे अर्ज इथल्या सेवा केंद्रांतल्या डेस्कटॉपवरून जातात. दहावी-बारावीच्या निकालानंतर उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यांसाठी रांग लागते, जुलै संपत आला की पीक विम्याची. अशा वेळी मशीन मध्येच बसलं की आलेला ओटीपी वाया जातो, भरलेला अर्ज उडतो आणि शेवटच्या एसटीनं आलेला माणूस हात हलवत परत जातो. म्हणून अशा मशीनचा दोष कसा शोधायचा हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

त्याबद्दल दुरुस्ती करणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एक हाताच्या सवयीवर चालतो, दुसरा मोजमापावर. त्या दोघांना समोरासमोर बसवण्यासाठी हा संवाद मी रचला आहे. मामांचं वैरागात दुरुस्तीचं दुकान आहे. भाची सोलापुरात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते, मे महिन्याच्या सुट्टीला आली आहे. टेबलावर एका सेवा केंद्राचा असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. तक्रार अशी : दुपारी दोनच्या सुमारास आपोआप रिस्टार्ट, अधूनमधून निळी स्क्रीन. फॉरमॅट मारून झालाय. दुसऱ्या एकानं जुन्या रॅमशेजारी नवी रॅमही घालून दिली आहे. तक्रार जिथल्या तिथे.

मामा : पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस गेलाय. बदलून देतो आणि लावतो वाटेला.

भाची : मामा, तुम्ही अजून झाकणसुद्धा काढलं नाही.

मामा : कशाला काढायचं? सकाळी नीट, दुपारी रिस्टार्ट. बीप नाही, काही नाही, फटकन बंद आणि फटकन चालू. असलं बहुतेक वेळा एसएमपीएसच निघतं बघ.

भाची : आणि उरलेल्या वेळी? या माणसानं एका रॅमचे पैसे आधीच घातलेत. त्या रॅमवाल्यालाही ‘बहुतेक वेळा रॅमच असते’ असंच वाटलं असणार की.

मामा : मग तू काय करणार?

भाची : आधी मशीनलाच विचारणार. इव्हेंट व्ह्यूअर उघडते. हे बघा, ‘कर्नल-पॉवर ४१’ अशा किती नोंदी आहेत.

मामा : पॉवर म्हणतंय ना ते? मग मी काय वेगळं बोललो?

भाची : तसं नाही ते. नीट शटडाउन न होता मशीन बंद झालं, एवढंच ४१ सांगतो. कुणी प्लग ओढला तरी ४१, मशीन हँग झालं म्हणून बटण दाबून धरलं तरी ४१. त्याच्या आत बघायचं. या नोंदींत बगचेक कोड शून्य आहे. म्हणजे विंडोजला निळी स्क्रीन काढायलाही सवड मिळाली नाही. पण या तीन नोंदींत कोड आहे, आणि तिन्ही वेगवेगळे. एकाच ड्रायव्हरचा दोष असता तर कोड सहसा तोच तोच आला असता. दर वेळी वेगळा म्हणजे खालचं हार्डवेअरच चुकीचे आकडे देत असावं. त्यात रॅम आली, प्रोसेसर आला, बोर्ड आला आणि तुमचा एसएमपीएसही आला.

मामा : एवढं वाचून शेवटी आलीस माझ्याच दारात.

भाची : तुमच्या दारात आले, पण अजून तीन दारं उघडी आहेत.

इथे मी थोडा भाचीच्या बाजूनं बोलतो. स्क्रीनवरचा मजकूर बोट भलतीकडे दाखवतो याचा मोठा दाखला अलीकडचाच आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर खेळ सुरू होताना बंद पडत. संदेश यायचा ग्राफिक्स कार्डाची मेमरी अपुरी पडल्याचा. लोकांनी कार्डं बदलली, ड्रायव्हर बदलले. दोष होता प्रोसेसरात. जरुरीपेक्षा जास्त व्होल्टेज मागून घेऊन तो हळूहळू खचत होता. जुलै २०२४ मध्ये इंटेलनं हे मान्य केलं, ऑगस्टमध्ये मायक्रोकोडचा इलाज आला आणि या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. आधीच खचलेला प्रोसेसर मात्र त्या इलाजानं बरा होत नाही, तो बदलावाच लागतो.

मामा : ठीक आहे, रॅम बघू. काढ ती, रबर मार आणि परत बसव.

भाची : ते सगळ्यात शेवटी करू.

मामा : अगं, रबर मारून किती मशीनं उठलीत माझ्या हातानं!

भाची : उठतात, माझं त्याला नाही म्हणणं नाही. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळ बसतो, स्लॉटमध्ये धूळ जाते. रॅम नुसती काढून घातली तरी संपर्क घासून साफ होतो. पण मग रॅम वाईट होती, स्लॉट वाईट होता, की बसवताना बोर्डावरची दुसरीच एखादी पिन हलली, हे कधी कळणार? चार दिवसांनी मशीन परत आलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शिवाय सोन्याचा तो थर इतका पातळ असतो, की खरखरीत रबरानं दर वेळी घासला तर तोच जातो. आधी आहे तसं तपासू. रॅम तपासणारा मेमटेस्ट लावते. तो पेन ड्राइव्हवरून चालतो, विंडोजचा संबंध नाही.

मेमटेस्ट दुकानात तासन्‌तास चालला. एकही चूक नाही. प्राइम९५ लावला. हा कार्यक्रम मुळात मर्सेन जातीच्या मोठ्या मूळसंख्या शोधण्यासाठी १९९६ साली सुरू झालेल्या प्रकल्पाचा. त्याच्या चाचणीत उत्तरं आधीच माहीत असलेली गणितं प्रोसेसरला पूर्ण ताकदीनं करायला लावतात, त्यामुळे मशीन न थांबता नुसतं चुकलं तरी पकडलं जातं. त्यातही काही निघालं नाही. हार्डडिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते, त्यांत बदललेले सेक्टर शून्य, प्रलंबित शून्य. प्रोसेसरचं तापमान आवाक्यात.

मामा : झालं? तुझ्या सगळ्या परीक्षांत पोरगं पहिलं आलं.

भाची : हो. आणि डिस्कच्या बाबतीत तर मीच सांगते, ही परीक्षा अपुरी आहे. गुगलनं २००७ साली आपल्या लाखभराहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला. निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कमध्ये स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही खूण आधी दिसली नव्हती. नोंद वाईट असली तर विश्वास ठेवायचा, चांगली असली म्हणून निर्धास्त व्हायचं नाही.

मामा : आता माझं ऐक. हे मशीन माझ्या दुकानात कधीच बिघडणार नाही. इथं स्टॅबिलायझर आहे, पंखा डोक्यावर आहे आणि या लाइनीवर दुसरं काही नाही. आजारी माणसाला थंड हवेच्या ठिकाणी नेऊन ताप बघतेस होय? जिथं बिघडतं तिथं चल. दुपारी.

या एका वाक्यासाठी मी मामांना मोठे गुण देतो. उपकरणं कितीही चांगली असोत, दोष ज्या परिस्थितीत उगवतो ती परिस्थितीच मागे ठेवून आलं तर मोजायला काही उरत नाही. दोघं मशीन घेऊन केंद्रात गेली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. आत एकाच एक्स्टेंशन बोर्डवर कूलर, झेरॉक्स मशीन आणि कॉम्प्युटर. यूपीएस टेबलाखाली होता, पण बॅटरी मेल्यामुळे तो काढून प्लग थेट त्याच बोर्डात लावलेला. मामांनी सॉकेटमध्ये मल्टिमीटर घातला.

मामा : किती?

भाची : १८२.

मामा : आता त्यांना झेरॉक्स काढायला सांग. एक नको, दहा.

भाची : १७४... पुन्हा १८०... १७३. मामा, हे तुम्हाला कसं सुचलं?

मामा : झेरॉक्स निघताना ट्यूब मिचकावते, दिसत नाही होय? आत शाई वितळवायला हीटर असतो. तो दर थोड्या वेळानं ओढतो. कूलर आधीच ओढतोय. वायर बारीक आणि बोर्ड ढिला. प्लग हातात घेऊन बघ, कोमट लागतोय.

भाची : थांबा. आता पिवळ्या वायरवर बघते. प्राइम९५ चालू असताना, जोडलेल्या स्थितीतच. सकाळी दुकानात १२.१ होते. आता... ११.३. बारा व्होल्टला पाच टक्क्यांची सूट असते, म्हणजे ११.४ च्या खाली जायला नको.

मामा : आणि आमच्यातले काहीजण एसएमपीएस मोकळा काढतात, हिरव्या वायरला काळी जोडतात, पंखा फिरला की ‘एसएमपीएस चांगलाय’ म्हणून सांगतात. बिनभाराचा बैल कुणाचाही पळतो.

भाची : तेच तर. शिवाय मल्टिमीटर सरासरी दाखवतो. खरी घसरण एका क्षणाची असते, ती यात दिसायचीही नाही. ११.३ दिसले म्हणजे मधल्या क्षणांना त्याच्याही खाली जात असणार.

हे का होतं ते नीट सांगायला हवं, कारण वैरागच्या दुपारचा आणि रिस्टार्टचा संबंध इथेच जुळतो. घरातली वीज ५० हर्ट्‌झची. एसएमपीएस तिचं डीसी करून आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठवतो. वीज दर १० मिलिसेकंदांनी शिखरावर येते तेव्हा साठा भरतो, मधल्या वेळात मशीन त्या साठ्यावर चालतं. २३० व्होल्टला हे शिखर सुमारे ३२५ व्होल्टचं असतं, १८२ ला ते २५७ वर येतं. साठवलेली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे व्होल्टेज पाचव्या हिश्शानं उतरलं की साठा जवळजवळ ३७ टक्क्यांनी घटतो. एसएमपीएस धडधाकट असेल तर वीज पूर्ण गेली तरी तो १६-१७ मिलिसेकंद तग धरेल अशी अपेक्षा असते. तेवढ्यात यूपीएस बॅटरीवर जातो. पण कॅपॅसिटर म्हातारा झाला असेल तर त्याची साठवण आधीच कमी झालेली असते. मग वरून व्होल्टेज पडलं, त्यात झेरॉक्सचा झटका आला, की मशीन एक तर रिस्टार्ट मारतं किंवा न थांबता चुकीचं वाचतं, आणि मग निळी स्क्रीन. असे कॅपॅसिटर उन्हाळ्यातच लवकर म्हातारे का होतात त्यालाही ठोकताळा आहे : तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

भाची : आता इथे मेमटेस्ट लावते. झेरॉक्स चालू ठेवा म्हणावं.

(थोड्या वेळानं)

मामा : लाल झाली की गं स्क्रीन! चुका आल्या. म्हणजे रॅमच?

भाची : नाही. पत्ते बघा. रॅमची एखादी पेशी मेली असती तर चूक पुन्हा पुन्हा त्याच पत्त्यावर आली असती. इथे चुका सगळीकडे विखुरल्यात. नवी रॅम काढून एकटी जुनी लावते... तरी चुका. जुनी काढून एकटी नवी... तरी चुका, पत्ते पुन्हा वेगळे. मेमटेस्ट नापास झाला म्हणजे रॅम वाईट, असं नसतं मामा. रॅम, स्लॉट, बोर्ड, प्रोसेसरमधला कंट्रोलर आणि या सगळ्यांना मिळणारी वीज, हा सगळा रस्ता नापास झालेला असतो.

मामा : आण तो माझा एसएमपीएस.

मामा नेहमी एक एसएमपीएस जवळ बाळगतात. हातात तोलून बघतात. स्टिकरवर कितीही वॉट लिहिलेले असोत, खोकं हलकं लागलं तर घेत नाहीत, कारण आतली कॉइल आणि कॅपॅसिटर लहान म्हणजे वजन कमी. भाची स्टिकरवरचे बारा व्होल्टचे अँपिअर वाचते. दोघांची निवड मात्र बहुतेकदा एकच निघते. मामांचा एसएमपीएस लावला. तेच १८० च्या आसपासचं व्होल्टेज, तीच झेरॉक्स, तीच रॅम. पिवळी वायर ११.९. मेमटेस्ट स्वच्छ.

मामा : झालं काम. बंद कर झाकण.

भाची : आता जुना एसएमपीएस परत लावा.

मामा : काय? चालू झालेलं मशीन हातानं बिघडवू?

भाची : एकदाच. तुम्ही एसएमपीएस बदलताना सगळ्या वायरी काढल्या-घातल्या. एखादा ढिला कनेक्टर त्यातच घट्ट बसला असेल. जुना लावल्यावर दोष परत आला, तरच दोष त्याचा. नाही आला तर आपण अजून आंधळेच आहोत.

मामा : आणि तेवढ्यात त्यानं बोर्ड जाळला तर? वाईट एसएमपीएस मरताना बोर्डाला घेऊन मरतो, हे तुझ्या पुस्तकात नसेल, माझ्या कपाटात आहे. बाहेर माणसं दाखल्यासाठी खोळंबलीत.

या ठिकाणी दोघांत खरी ठिणगी पडते आणि मला वाटतं ती पडायलाच हवी. जळका वास असेल, कॅपॅसिटर गळलेला असेल, व्होल्टेज मर्यादेच्या वर जात असेल, तर जुना भाग परत लावणं मूर्खपणा आहे. मामांच्या कपाटातले जळालेले बोर्ड खोटं बोलत नाहीत. पण इथे व्होल्टेज खाली पडतंय, वर जात नाही. अशा वेळी दोष परत आणून दाखवणं हीच पुराव्याची शेवटची पायरी आहे, आणि आपल्याकडे ती जवळजवळ कुणीच चढत नाही. म्हणूनच गिऱ्हाईकाच्या घरी ‘बदललेल्या’ पण मुळात चांगल्या भागांचा ढीग साठतो.

‘चालतंय तोवर चालू दे’ म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ साली सुमारे दहा लाख घरगुती कॉम्प्युटरांच्या बिघाडांच्या नोंदी तपासल्या. हार्डवेअरमुळे एकदा कोसळलेलं मशीन पुन्हा कोसळण्याची शक्यता पहिल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त होती. प्रोसेसरच्या गटातल्या बिघाडात तर पहिला झटका शेकड्यांतून एखाद्याला आणि तो बसलेल्यांपैकी साधारण दर तिसऱ्याला पुन्हा. एकदा आलेला हार्डवेअरचा रिस्टार्ट योगायोग मानून सोडून देऊ नये, एवढा धडा मी त्यातून घेतो. त्याच अभ्यासात असेंबल केलेल्या मशीनांपेक्षा कंपनीची मशीनं जास्त टिकाऊ ठरली होती. आपल्या बाजारगावांत असेंबल मशीनच जास्त, तेव्हा ही बाब आपल्या जवळची आहे.

मामांनी कुरकुरत जुना एसएमपीएस परत लावला. झेरॉक्स निघाली, मेमटेस्टमध्ये चुका आल्या, मग मशीन स्वतःच रिस्टार्ट झालं. कुणी काही बोलायची गरज नव्हती. दुकानात परतल्यावर त्यांनी जुना खोका उघडला, पण लगेच नव्हे. प्लग काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या घरात वीज राहू शकते. ती उतरली आहे हे मीटरनं बघितल्याशिवाय आत बोट घालायचं नाही, हे त्यांनी भाचीला दोनदा सांगितलं. दोन मोठ्या कॅपॅसिटरांपैकी एकाचं डोकं फुगलं होतं, बुडाशी तपकिरी चिकट डाग होता.

मामा : दोन हजार सालानंतर बोर्डच्या बोर्ड असे यायचे बघ. प्रोसेसरभोवतीचे सगळे कॅपॅसिटर फुगलेले. आम्हाला वाटायचं, गावातल्या लाईटचा प्रताप.

भाची : ती जगभरची साथ होती. इलेक्ट्रोलाइटचं मिश्रण सदोष होतं, आतल्या आत वायू तयार व्हायचा. डेलनं २००५ साली ऑप्टिप्लेक्स मशीनांच्या दुरुस्तीसाठी ३० कोटी डॉलर बाजूला काढले होते.

मामा : म्हणजे इतकी वर्षं लाईटला शिव्या घातल्या त्या फुकट?

भाची : या मशीनच्या बाबतीत नाही. केंद्रात झेरॉक्स बंद ठेवून जुना एसएमपीएस लावला असता, तर कदाचित आजही चालला असता.

मामा : मग बिलात काय लिहू? एसएमपीएसचा दोष की लाईटचा?

भाची : दोन्ही लिहा. आज नवा एसएमपीएस १८० वर तग धरतोय. दोन उन्हाळ्यांनंतर त्याचा कॅपॅसिटरही थकेल आणि मग पुन्हा कुणीतरी रॅम विकेल. बिलामागे तारीख लिहा, सॉकेटचं व्होल्टेज लिहा, पिवळ्या वायरचं आधी आणि नंतर किती ते लिहा. यूपीएसची बॅटरी बदला म्हणजे पडकं व्होल्टेज तो थोडं उचलून देईल. आणि झेरॉक्सला वेगळी लाइन.

मामा : बॅटरीला तयार होतील. लाइनीला नाही होणार. घरमालकाची भिंत आहे. आणि मघाशी कॅबिनेटला हात लागला तेव्हा झिणझिण्या आल्या, ते मोजलंस का?

भाची : नाही.

मामा : अर्थिंग नाहीये तिथं. नाहीतर एसएमपीएसमधून पाझरणारी वीज जमिनीत गेली असती, कॅबिनेटवर बसली नसती. बोटाचा ठसा घेणारं मशीन मध्येच सुटतं अशीही त्यांची तक्रार आहे, ती यातूनच असू शकते. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत पडतो. पावसाळ्यात सगळं आपोआप बरं वाटायला लागतं आणि लोक विसरतात.

भाची : मग न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज उद्या दुपारीच बघू. खड्ड्यात पाणी ओतायच्या आधी एकदा आणि ओतल्यावर एकदा.

मामा : वायरमनला फोन लावतो. आणि ती नवी रॅम?

भाची : विकणारा परत घेणार नाही. दोन्ही एकत्र ठेवून उद्या तिथेच मेमटेस्टची पूर्ण फेरी करू. पास झाली तर राहू द्या, उपयोगाला येईल. पण त्यांना सांगायचं, की ती रॅम घेण्याची गरज नव्हती.

मामा : ते तू सांग. मी सांगितलं तर दुसऱ्या दुकानदाराची बदनामी केल्यासारखं होईल.

भाची : त्याचं नाव नाही घेणार मी. नुसते आकडे दाखवीन.

मामा : दाखव. आणि उद्या येताना एक मजबूत एक्स्टेंशन बोर्ड घेऊन ये. तो कोमट प्लग मला चैन पडू देत नाही.